आजीने इंजिन आवरलं

मंगळवार, ता. ४ मार्च

चि. भिंगरीस आजीचे ओंजळभर आशीर्वाद, वि. वि.

सगळ्यांत आधी आला तो लांबुडका. तू लिहिलं होतंस दोघं मिळून येतील, पण हा एकटाच. खांद्यावर हत्यारांची पिशवी, आणि आत येता येता चौकटीला डोकं आपटलंन. चष्मेवाला म्हणे बसमध्ये झोपला तो पुढच्या थांब्याला उतरला. तासाभराने आला चालत, घामाघूम, आणि मलाच विचारतो की लांबुडका पोचला का. शेजारच्या शिंपीणबाई कुंपणावरून मान लांब करून बघत होत्या. त्यांना मी सांगितलं की ही माझ्या नातीच्या वर्गातली मुलं, नात गाड्यांची इंजिनीयर होतेय, शेवटचं वर्ष आहे, कॉलेजच्या कारखान्यात तेलावर घसरून तिचा पाय मोडला म्हणून तिच्या वाटचं काम करायला आलीत. त्या म्हणाल्या की हे त्यांना मी परवाच सांगितलं. सांगितलं असेन. चांगली गोष्ट दोनदा सांगितली तर झिजते का?

पोरं गुणी आहेत गं. शनिवार-रविवार दोन्ही दिवस शेडमधून हलली नाहीत. तुझ्या आजोबांची गाडी अकरा वर्षं तिथे उभी, मांजरं तेवढी बसायची तिच्यात. हे असते तर कोणाला बोनेटला हात लावू दिला नसता, ते सोड. पोरांनी इंजिनाचं डोकं उचकटून काढलं, त्यातून आठ दांड्या निघाल्या, टोकाला चकती, लहानशा छत्र्याच जशा. मला व्हॉल्व म्हणून नाव सांगितलं. त्यातून इंजिन श्वास घेतं म्हणे. मग जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून सगळं मांडून ठेवलं आणि रविवारी संध्याकाळच्या बसने गेली. त्यांचीही परीक्षा आहे. चोवीस तारखेला येऊन जोडतो म्हणाली.

आता गंमत ऐक. इतका पसारा, इतकी काजळी, मला बघवेना. काल सकाळपासून बसले. ते आठही व्हॉल्व साबणाच्या पाण्यात भिजवले, तारेच्या घासणीने घासले, असे लखलखीत झालेत की तोंड बघावं. पुसून शिलाई मशीनचं तेल लावलं. चार मोठे बिस्किटांच्या डब्यात, चार लहान चहाच्या डब्यात. स्प्रिंगा दोऱ्यात ओवून खुंटीला टांगल्या. वर्तमानपत्रं तेलकट झाली होती, ती पाणी तापवताना जाळली. पोरं येतील तेव्हा थक्क होतील. तुझ्या डिगरीला माझाही हात लागला म्हणून कालपासून मला जेवण जात नाहीये आनंदाने.

पाय उंच ठेव. लोभ आहेच, पत्र लवकर टाक.

तुझी
आजी

*

शुक्रवार, ता. ७ मार्च

ती. आजीस सा. न. (पाय प्लास्टरमध्ये असल्याने नमस्कार बसूनच), वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतक्या जोरात ओरडले की वॉर्डनबाई आल्या.

आजी, त्या वर्तमानपत्रांवर आकडे होते. एक ते आठ. प्रत्येक आकड्यावर एक व्हॉल्व ठेवलेला. एवढी वर्षं एकाच जागी आपटून आपटून प्रत्येक व्हॉल्व आपापल्या भोकाशी जुळलेला असतो, एकाचा दुसरीकडे बसवला की फट राहते, दाब निसटतो आणि इंजिन चालू होत नाही. आता आठांतला कुठला कुठचा, हे जगात कोणालाही माहीत नाही, कारण आकडे तू पेटवून अंघोळीचं पाणी तापवलंस!

आणि ती काजळी. ती कुठे काळी, कुठे तपकिरी, कुठे ओली, ते बघून इंजिनाला कुठे काय होत होतं ते कळतं. माझ्या प्रकल्पाचं आख्खं एक प्रकरण त्या काजळीवर होतं. ते तू साबणाने धुतलंस.

चष्मेवाल्याला सांगितलं तर तो कॉटवर आडवाच झाला. लांबुडका म्हणतो की जाताना मी आजींना सांगायला हवं होतं, मी म्हणते की हो, हवंच होतं, आणि तेव्हापासून आम्ही तिघं एकमेकांशी धड बोलत नाही. आमच्या सरांनी आधीच बजावलं होतं की जुन्या घरगुती गाडीच्या नादी लागू नका, घोळ होईल. सव्वीस तारखेला बाहेरचे परीक्षक गाडी बघायला तुझ्या शेडमध्ये येणार. इंजिन चालू झालं नाही तर आम्ही तिघंही नापास. त्या दोघांचं एक बरं, त्यांना घरून पुन्हा बसू देतील. बाबांनी मला स्पष्ट सांगितलंय की एक वर्ष जरी गेलं तरी शिक्षण बास, रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. तुझा मुलगा आहे, बोलला की करतो, तुला माहीतच आहे.

तू प्रेमाने केलंस हे कळतं मला. म्हणून तर नीट रागावताही येत नाही, तेही एक डोक्याला तापच.

लोभ असावा. आवराआवर नसावी.

तुझी
भिंगरी

*

मंगळवार, ता. ११ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा मला रागच आला. साठ वर्षं घर आवरतेय, आवरलं म्हणून कोणी शिव्या घातल्या नव्हत्या. दुसऱ्यांदा रडू आलं. तिसऱ्यांदा शिंपीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांना पत्र दाखवू नये असं मनात होतं पण त्या आल्याच होत्या. त्या म्हणाल्या की हात दाखवून अवलक्षण ते हेच. मी म्हटलं की तुम्ही आपल्या बाह्या शिवा.

चौथ्यांदा वाचताना मात्र डोकं चाललं. व्हॉल्व जुळलेला नसतो म्हणजे काय, तर तो आणि त्याची जागा एकमेकांवर घासलेली नसते. असंच ना? मग नव्याने घासायचं! आपला बसडेपोचा म्हातारा मिस्त्री बाजारात भेटला, त्याला विचारलं. तो म्हणाला की आजी, अगदी बरोबर, आम्ही पीठासारखी खरखरीत पेस्ट लावून हातानेच घासायचो, कुठलाही व्हॉल्व कुठेही बसवता येतो, लहान मोठ्याची अदलाबदल नाही केली म्हणजे झालं. पण स्वतः करायचा नाही म्हणे, डोळ्यांना मोतीबिंदू. पोरं तर चोवीसला येणार. तू प्लास्टरमध्ये.

तेव्हा मी घासते. बाकी मला काही येत नसेल, चौथी नापास आहे, पण घासण्यात माझा हात कोण धरणार? तू फक्त कसं ते लिही. बारीकसारीक सगळं लिही, मला काही माहीत नाही असं समजून लिही. नाहीच आहे.

आणि बापाचं मनावर घेऊ नको. सातवीत गणितात नापास झाला होता तेव्हा मी त्याला गल्ल्यावर बसवलं होतं का?

लोभ कमी झाला असेल तर पुढच्या पत्रात भर.

आजी

*

शुक्रवार, ता. १४ मार्च

ती. आजीस सा. न., वि. वि.

मला हे पटलेलं नाही. पण दुसरा मार्ग मलाही दिसत नाही, म्हणून इथे बसून उंटावरून शेळ्या हाकते. सोबतच्या पार्सलात पेस्टची डबी आहे, एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक. लाकडी काठी आहे, तिच्या टोकाला रबराची वाटी. आता वाच, आणि वाचलंस तेवढंच कर, आपलं डोकं चालवू नकोस, हात जोडते.

इंजिनाचं डोकं टेबलावर उलटं ठेव, भोकं वर. मोठे व्हॉल्व मोठ्या भोकांचे. चकतीच्या उतरत्या कडेला जाड पेस्ट लाव, बोटाच्या टोकावर मावेल एवढीच. दांडीला एक कणसुद्धा लागता कामा नये, लागला तर रॉकेलने पूस. व्हॉल्व जागेवर बसव, रबराची वाटी चकतीवर चिकटव, आणि थंडीत हात चोळतेस तशी काठी दोन तळव्यांत फिरव. पुढे-मागे, पुढे-मागे. दर दहा-पंधरा वेळा उचलून थोडा वळवून पुन्हा ठेव, नाहीतर एकाच जागी चर पडेल. आधी खरखर वाजेल, मग आवाज मऊ होईल. मऊ झाला की पूस आणि बघ. चकतीच्या कडेला राखाडी वर्तुळ दिसायला हवं, जाड दोऱ्याएवढं रुंद, कुठेही न तुटलेलं. तुटलेलं असेल तर पुन्हा. मग बारीक पेस्ट, तसंच. झालं की त्या भोकात मागच्या बाजूने रॉकेल ओत आणि दहा मिनिटं थांब. कडेने ओल आली तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि या वेळी झालेल्या प्रत्येकाला चिठ्ठी बांध, कुठल्या भोकाचा ते लिहून. चिठ्ठी. जाळायची नाही.

लोभ भरला आहे, काठोकाठ नाही.

भिंगरी

*

गुरुवार, ता. २० मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद, वि. वि.

सात झाले! तळवे लाल झालेत पण सात झाले. पहिल्याला आख्खी दुपार गेली, कारण वर्तुळ तुटायचं, घासलं की दुसरीकडे तुटायचं. आता कानालाच कळतं. शिंपीणबाई सुईदोरा घेऊन समोर बसतात आणि आवाज मऊ झाला की माझ्याआधी ओरडतात. परवा त्यांनी मागून काठी हिसकावायला बघितली, त्यांनाही फिरवायची होती. मी दिली नाही. हे काम असं येणाऱ्याजाणाऱ्याने करायचं नसतं.

सातव्या भोकाच्या व्हॉल्वने मात्र नाकी नऊ आणलेत. वर्तुळ पुरं, दोऱ्याएवढं, आणि रॉकेल ओतलं की मेला झिरपतो. चारदा केलं. काल मी त्याच्याशी बोलणं सोडलं आणि आठवा उरकला. मग आज सकाळी भिंगातून बघितलं तर त्याच्या जागेवर एक खड्डा, मोहरीएवढाही नाही. जाड पेस्टने त्यालाच धरून बसले. आता दहा मिनिटं झाली, हे पत्र लिहितेय आणि एक डोळा तिकडे आहे. कोरडा आहे. बारा मिनिटं. कोरडा! म्हणजे आठ झाले, वर सात लिहिलंय ते खोड.

चिठ्ठ्या बांधल्यात, दुहेरी गाठीने.

लोभाचं काय ते बघ आता.

आजी

*

शनिवार, ता. २२ मार्च

ती. आजीस,

घाईत कार्ड. तू कमाल आहेस. पण एक ऐक, शपथ घालते. प्रकल्पाचं काम विद्यार्थ्यांनीच करायचं असा नियम आहे. परीक्षकांसमोर व्हॉल्वचं नाव काढू नकोस. चहा दे, बस म्हण, आणि तोंडाला कुलूप.

भिंगरी

*

गुरुवार, ता. २७ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद, वि. वि.

आधी हे वाच की मी मुद्दाम केलं नाही.

पोरांनी सोमवार-मंगळवार खपून सगळं जोडलं. काल सकाळी दोघं बॅटरी आणायला बाजारात गेली आणि फाटकात एक बारीकसा माणूस उभा, बाह्या दुमडलेल्या, खिशाला स्क्रूड्रायव्हर. चष्मेवाल्याने रेडिएटर बघायला एक जण बोलावला होता, मला वाटलं तोच. मी त्याच्या हातात बादली दिली आणि पाणी भरायला सांगितलं. त्याने भरलं. आता एवढा सालस माणूस काम करतोय तर गप्प कसं बसायचं? चाळीस मिनिटं बसला होता. सगळं सांगितलं मी. साबण, वर्तमानपत्र, सातवा, शिंपीणबाईंनी काठी ओढली ते, सगळं. तुझं कार्ड आलंय आणि परीक्षकाला यातलं काही सांगायचं नाही, हेसुद्धा.

मग तुझे सर आले, आणि त्यांनी त्या माणसाला वाकून नमस्कार केला.

भिंगरी, मी उठून आधी ती बादली पदराआड केली. पोरं बॅटरी घेऊन फाटकातच थिजली. सर म्हणाले की त्यांनी आधीच सांगितलं होतं घोळ होईल. परीक्षक शांतपणे म्हणाले की विद्यार्थ्यांचं काम आजीने केलं असेल तर ते विद्यार्थ्यांचं धरता येणार नाही. मग माझी जीभ सुटली ती सुटलीच. मी म्हटलं की हात माझे असतील, मला यातलं काय कळतं, माझ्या नातीने प्लास्टरमध्ये बसून पत्रातून शिकवलं. त्यांनी पत्र मागितलं. मी घाईत सगळीच दिली, शिव्यांचंही. ते उभ्याउभ्या वाचत गेले आणि आवराआवर नसावी इथे आल्यावर खाली बसून हसले. मग मला विचारलं की थांबायचं कधी हे कसं कळतं. मी सांगितलं, आवाज मऊ, वर्तुळ सलग, रॉकेल कोरडं. त्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी गाडीकडे बघितलं.

इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलं. धूर इतका की शिंपीणबाईंची वाळत घातलेली कापडं गेली, त्या अजून बोलत नाहीत. लांबुडक्याने चारही सिलिंडरचा दाब मोजला, जवळजवळ सारखा निघाला. खोलणं-जोडणं पोरांच्याच हातचं, म्हणून त्यांना पास केलं तिथल्या तिथे. काजळीच्या प्रकरणाचे गुण मात्र गेले, ते माझ्या नावावर लिही. आणि माझं घासणं अहवालात लपवायचं नाही, उलट तुझं चौदा तारखेचं पत्र शेवटी जोडायचं असं सांगितलंन. त्यातल्या ‘हात जोडते’सकट सगळं. मला तरी ते छापल्यावर चांगलं दिसेल असं वाटतं.

आता तुझं. तू शिकवू शकतेस हे त्यांना दिसलं म्हणे, पण हात तुझाच बघायचाय. म्हणून काय केलं असेल त्या सालस माणसाने? जाण्याआधी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि आठही व्हॉल्वच्या माथ्यावर जी ठरावीक फट राखावी लागते, तिचे स्क्रू एकेक करून सैल करून टाकले. बिघडवून गेला! तुझ्याकडे त्या पातळ पट्ट्या असतात म्हणे फट मोजायच्या, त्या घेऊन तू ते सगळे लावायचे, त्यांच्यासमोर, कोणी मदत करायची नाही, आणि इंजिन चालू करायचं. झालं तर तिथेच सही. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते. चष्मेवाल्याने स्क्रू किती फिरवले ते मोजायचा प्रयत्न केला तर त्याला परीक्षकांनी पाणी आणायला पाठवलं.

मी शेडला कुलूप घातलंय आणि किल्ली मिस्त्रीकडे दिलीय, माझा मला भरवसा नाही. हे पत्र लांबुडका आज रात्रीच तुझ्या हाती देईल; उद्या प्लास्टर निघालं की शनिवारची पहिली बस धर, बापाला मी कळवलंय, तोही येतो म्हणाला. परीक्षक आणि सर येणार आहेत रविवारी, सकाळी दहाला.

आजी