विहिरीचा जोड

१४ मे

दुपारी वीतोलीच्या वाडीवर पोचले. बस फाट्यावर सोडते, पुढे दोन किलोमीटर कच्चा रस्ता. गुंटार्स ट्रॅक्टर घेऊन आला होता. ट्रंक त्याच्या ट्रॉलीत टाकली आणि मी चालत आले. पायांना बरं वाटलं. बर्चच्या झाडांना नवी पानं फुटलीत, खांबावरच्या घरट्यात करकोचा उभा आहे, आणि शाळा बंद झाल्यापासून पहिल्यांदाच मला सकाळी उठायला कारण मिळालंय.

गुंटार्स माझा जुना विद्यार्थी. रसायनशास्त्रात दोनदा नापास. आता पणजोबांची ही वाडी दुरुस्त करून रीगाच्या आणि परदेशच्या लोकांना दाखवतो: काळा पाव, धुराची न्हाणी, जुन्या रीतीचं लग्न. चाळिशी उलटली तरी माझ्यासमोर टोपी काढून उभा राहतो आणि मला 'बाई'च म्हणतो. मी सांगितलं, आता पगार तू देणार आहेस, टोपी घाल.

लग्नाचा कार्यक्रम दिवसातून चार वेळा. नवरी सासरी येते आणि घराला हातमोजे देते. उंबरठा, चूल, गोठा, मळणीचं कोठार, सफरचंदाचं झाड, मधमाश्यांची पेटी आणि विहीर, सात जागी सात जोड. हे सातही जोड मी हिवाळाभर बसून विणले आहेत, जुन्या नक्षीबरहुकूम. माप घ्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून माझ्याच हाताचं घेतलं.

खोली स्वच्छ आहे. खिडकीतून विहीर दिसते. रात्री लेकीचा, लीगाचा, आयर्लंडहून फोन आला. ऑक्टोबरअखेर बाळ होईल म्हणाली. मग पांढरी लोकर काढून ठेवली.

१७ मे

इथे शिस्त नाही. गेल्या वर्षीचे हातमोजे हंगामभर बाहेरच लटकत होते. पावसाने आटले, उरलेले कसरीने खाल्ले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर नऊ कलमांची यादी लावली. चौथं कलम: दिवसाचा शेवटचा कार्यक्रम झाला की सर्व जोड गोळा करून पेटीत ठेवावेत. हे काम मी स्वतः करणार. नववं: हंगाम संपल्यावर बाहेरची प्रत्येक वस्तू आत. गुंटार्सने यादी वाचली आणि गृहपाठाची वही घरी राहिली म्हणाला. सानिता हसली. ती पाव भाजते आणि नवरीही तीच होते. दोन मुलांची आई आहे, आणि नवरा म्हणतो की त्याने एकदाच लग्न केलं, ती रोज चारदा करते.

शेजारच्या वाडीतली मिल्डामावशी ताक घेऊन आली. वय अठ्ठ्याऐंशी, जीभ अठराची. मी हातमोजे गोळा करत होते, ते ती कुंपणाला टेकून बघत राहिली. दिलेला हात परत ओढून घेतात का, म्हणाली. मी समजावलं की हे नाटक आहे.

त्यावर ती म्हणाली, "नाटक आहे हे तुला ठाऊक. घराला कोण सांगणार?"

२९ मे

आज तीन बस. पाय सुजले. तीच गाणी, तेच प्रश्न, गाय खरी आहे का, पाव घरी नेता येईल का. संध्याकाळी जोड गोळा करताना उंबरठ्यावरचा गरम लागला. लाकूड ऊन धरून ठेवतं. पण ती भिंत उत्तरेची आहे, आणि दिवसभर भुरभुर होती.

११ जून

डाव्या हाताची करंगळी बधिर. झोपेत दबली असणार.

सफरचंदाच्या फांदीवरचा हातमोजा निघेना. अडकला नव्हता. गर्दीत लहान मूल आपला हात सोडत नाही, तशी पकड होती. मी ओढला. मग सोडला.

२४ जून

कालचा मध्यउन्हाळ्याचा सण पार पडला. दोनशे माणसं, शहाजिऱ्याचं चीज, बिअर, शेकोट्या. पहाटे चारला उजाडलं तेव्हा मी अजून बरण्या विसळत होते. आता हे वय नाही.

छत्तीस वर्षं मुलांना सांगत आले, वाटतं म्हणू नका, मोजा. आज मोजलं. हवा चौदा अंश. विहिरीवरच्या हातमोज्याच्या आत चौतीस. थर्मामीटर बदलून पुन्हा मोजलं. चौतीस.

डावी अनामिकाही गेली. गेली म्हणजे आहे, पण सुई टोचली तर कळत नाही.

९ जुलै

तालुक्याच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तरुण मुलगी. रक्ताभिसरण, वय, थंड पाण्यात भांडी, असं सगळं सांगून झालं. मग म्हणाली, हातमोजे घालत जा. बसमध्ये मला हसू आलं. शेजारचा माणूस उठून मागे जाऊन बसला.

सानिताचे हात ठीक आहेत. ती हातमोजे ठेवते. काढते मी.

३० जुलै

पाच बोटं. पुस्तक वाचताना पान उलटत नाही.

दूध आणायच्या निमित्ताने मिल्डामावशीकडे गेले आणि सरळ विचारलं. तिने मला बसवलं, मटार आणि खारवलेलं मांस पुढे ठेवलं, आणि माझ्या हातातला काटा दोनदा पडताना पाहून मग बोलली. तिची आई वीतोलीत मोलकरीण होती. तेव्हाच्या मालकिणीचं सासूशी भांडण झालं, आणि लग्नात ठेवलेले सगळे हातमोजे तिने रागाने काढून घेतले. चुलीवरचे, विहिरीवरचे, सगळे. त्यानंतर ती एकतीस वर्षं जगली. स्वतःच्या हाताने घास खाल्ला नाही.

मी म्हणाले, अशा गोष्टी गावोगाव सांगतात.

"सांगत नाहीत, वेल्टा. भरवायचे मी."

मग तिने नियम सांगितला. माझ्या यादीपेक्षा छोटा. हातमोजा ज्याच्या मापाचा, हात त्याचा. ठेवला तर घर त्या हाताला आपला मानतं. उचलला तर घर हात ठेवून घेतं. उपाय एकच, पुन्हा ठेवायचे आणि कुजेपर्यंत हात लावायचा नाही. निघताना टोमणा मारलाच, शिकलेल्या बायकांना गाठ सोडवता येते, मारता येत नाही.

३ ऑगस्ट

ठरवलं. विश्वास ठेवून नव्हे, प्रयोग म्हणून. सहा जोड जागच्या जागी ठेवले आणि उचलले नाहीत. यादीतल्या चौथ्या कलमावर रेघ मारली. सानिताला बरंच वाटलं, तेवढंच एक काम कमी.

सातवा नाही. विहिरीचा. गुंटार्सने तो दुपारीच एका डेन्मार्कच्या बाईला विकला. तिने हात घालून पाहिला आणि म्हणाली, आत्ताच कुणीतरी काढून ठेवल्यासारखा वाटतो. गुंटार्सला ती मोठी गंमत वाटली. मला सांगताना म्हणाला, बाई, तुमच्या विणीत जीव आहे.

उजवा अंगठा दुपारपासून लाकडाचा.

१८ ऑगस्ट

करंगळी परत आली. अनामिकाही. आज सकाळी चहाचा कप धरला तेव्हा गरम लागला, आणि मी उभ्या उभ्या रडले. कुणी पाहिलं नाही.

अंगठा नाही. विहिरीसाठी नवा जोड विणायला हवा. अंगठ्याशिवाय सुई धरता येत नाही. तर्जनी आणि मधल्या बोटात धरते. दिवसाला चार ओळी होतात.

२ सप्टेंबर

शाळांच्या सहली सुरू. मुलं झाडावरच्या हातमोज्याशी हस्तांदोलन करतात. एक मुलगी हात सोडेना. शिक्षिका रागावली. मुलगी म्हणाली, मी नाही धरलेला.



२० सप्टेंबर

करकोचे गेले. धुकं. मनगटाची पट्टी झाली, तीही वाकडी. उसवली.

गुंटार्स रोज विचारतो, विहीर रिकामी दिसते, जोड कधी. मी म्हणते, होईल. शिक्षिका असताना मुलं असं म्हणायची, तेव्हा मी उभं करायचे.

३ ऑक्टोबर

लीगाला मुलगी झाली. चार आठवडे आधी. दोन किलो दोनशे. फोनवर फोटो पाठवलाय, दोन्ही मुठी हनुवटीखाली मिटलेल्या. नाव ठेवायचंय.

पांढरा जोड मे महिन्यातच विणून झाला होता, माझे हात चांगले असताना. अंगठा नसलेला, पिशवीसारखा, अक्रोडाएवढा. टोपलीतून काढून पाहिला. तिला बरोबर येईल. चौदा तारखेचं तिकीट आहे. मला फक्त तिला धरता यायला हवं. नऊ बोटांत बाळ धरता येतं. दहा हवीत असं नाही.

८ ऑक्टोबर

फार दमले. विहिरीचा एक हातमोजा झाला. दुसरा मी जाईपर्यंत होणार नाही. लीगाकडे बसून पुरा करेन, मिल्डामावशीला पाठवेन, ती लावेल. तिने कबूल केलंय.

बाकी सहा जागचे हलवायचे नाहीत, हे गुंटार्सला नीट सांगायला हवं. तो हसेल. उद्या सांगते.

११ ऑक्टोबर

उद्या हंगामातली पाहुण्यांची शेवटची बस. मी सकाळी गावात जाणार, लीगासाठी मध आणि काळा पाव बांधून घ्यायला. आल्यावर बोलते गुंटार्सशी. आज तो दिवसभर पाहुण्यांत होता.

१२ ऑक्टोबर

साडेतीनला परतले. फाटकात गुंटार्स भेटला, पाहुण्यांना रीगाला सोडायला निघालेला. खुशीत होता. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, बाई, शेवटचा दिवस आणि विहीर रिकामी, म्हणून तुमच्या टोपलीतला तो चिमुकला जोड लावला. लोकांनी फोटोच फोटो काढले.

मी पळाले. या गुडघ्यांनी.

विहिरीवर काही नव्हतं.

झाडावर नव्हतं. उंबरठ्यावर नव्हतं.

स्वयंपाकघरात टेबलावर पेटी. उघडी. सातही जोड घड्या घालून, वर पांढरा. शेजारी सानिताची चिठ्ठी: 'बाई, नवव्या कलमाप्रमाणे सगळं आत घेतलं. तुम्ही खूश व्हाल. परवा येते.'

आले तेव्हा दार उघडंच होतं. मी वाऱ्यामुळे आतून लोटलं, आणि ते बसलं. मूठ गोल आहे. पितळेची. फिरवता येत नाही. कोपरांनी पाहिलं. दातांनी पाहिलं.

पाच वाजता

पेन दोन्ही मनगटांत धरलंय. बोटं दिसतात. दहाही. माझी वाटत नाहीत.

पांढरा जोड गालाला लावून पाहिला. गरम. एकात काही नाही. दुसरा फुगलेला — आत मूठ मिटलेली असावी तसा — मी हात लावला नाही, कशाने लावणार —

खिडकी खिळ्यांनी बंद केलीय. हिवाळ्यासाठी. सातवं कलम.

फोन टेबलावर वाजतोय. लीगा. कोपराने दाबला, खाली पडला, अजून वाजतोय. थांबला.

पुन्हा.

पडद्यावर तिचा निरोप. वाकून वाचला. आई फोन उचल. बाळाचे हात गार पडलेत, डॉक्टरांना काही कळत

सानिता, तू वाचशील तेव्हा. परवा नको, परवापर्यंत — कुणीही वाचो. मिल्डामावशीला बोलवा. आधी पांढरा. विहिरीवर. माझे सहा नंतर, माझे नाही लावले तरी चालेल. आधी पांढरा. परत काढू नका. मी लिहिलेलं काहीही असो, यादीत काहीही असो, परत काढू