इट्टूप नावाचे दोघे

मूलेक्काव,
३ सप्टेंबर १९८५

चि. सौ. ग्रेसी हिस सासू शोशाम्माचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी मी कोंबड्या सोडल्या, विहिरीवरून चार घागरी पाणी आणलं, गाईखालचं शेण काढलं, कप्पचे कंद सोलून चुलीवर उकडायला ठेवले आणि हात धुऊन टेबलाशी बसले. आदल्या दिवशी तुझ्या सासऱ्यांच्या, अप्पच्चनच्या, चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं होतं. भांडी अजून अंगणात पालथी होती. त्या एका बैठकीत मी तीन अर्ज लिहिले. एक रेशनकार्डातलं नाव काढायचा, एक मळ्यावरच्या इस्टेट कचेरीला, आणि एक लायसन्सच्या कचेरीला. गेलेल्या माणसाचं लायसन्स चालू ठेवू नये, कोणी त्याचा गैरफायदा घेईल, असं मी पेपरात वाचलं होतं. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण अप्पच्चन मळ्याची जीप चालवायचे आणि नियमांची पुस्तकं मी त्यांना वाचून दाखवायची, एवढं मला कळतं.

हे आता लिहायचं कारण, तुझं पत्र काल मिळालं. रोयीच्या गाडीने एका म्हाताऱ्याच्या मांडीचं हाड मोडलं हे मी दोनदा वाचलं. तिथे आखातात गाड्या उजव्या बाजूने चालतात, आणि पोरगा चौकात वळताना इथल्या सवयीने उजवीकडेच बघत राहिला. डावीकडून म्हाताऱ्याची सायकल आली ती त्याला दिसलीच नाही. तो वेगात नव्हता हे मी डोळे मिटून सांगते. त्याला अप्पच्चननी शिकवलंय.

तू लिहितेस की नव्या माणसाला तिथे पहिले तीन महिने आपल्याकडच्या लायसन्सवर गाडी चालवता येते, आणि ते खरं आहे असं इथल्या कचेरीने कळवलं की विमा कंपनी म्हाताऱ्याचा सगळा खर्च उचलेल आणि रोयीला कोठडीतून सोडतील. मग घाबरू नकोस. या घरातल्या एकाही कागदावर कोणाला बोट ठेवता येणार नाही. त्यांना खुशाल चौकशी करू दे.

पोथन वाळवंटातल्या कँपवरून आला का? त्याला म्हणावं, रागात रजा घालवू नकोस, लेकाजवळ थांब. मी पाठवलेलं माशांत घालायचं आंबट फळ संपलं असेल, कळव. नाहीतर मागल्या वेळेसारखी चिंचेत मासे शिजवशील आणि नाव माझ्या रेसिपीचं सांगशील.

आहे तशी माया असू दे.
तुझी
अम्मच्ची


सोहार,
८ सप्टेंबर १९८५

ती. अम्मच्चीस ग्रेसीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र अजून आलेलं नाही, पण थांबायला वेळ नाही म्हणून हे लिहिते.

विमा कंपनीने लायसन्सच्या कचेरीला तार केली होती. तिचं उत्तर परवा आलं. त्यात असं आहे की लायसन्सधारक टी. पी. इट्टूप मयत आहे, पत्नीने लेखी कळवल्यावरून त्याचं लायसन्स दीड वर्षापूर्वी रद्द केलं आहे. खाली नंबर आहे, तो रोयीच्याच लायसन्सच्या पुस्तकावरचा. मी तीनदा ताडून पाहिला.

कंपनीतला माणूस हैदराबादचा आहे, एरवी बरा वागतो. त्याने मला विचारलं की सिस्टर, तुम्ही रोज आत डबा पोचवता तो मेलेल्या माणसाला का? आणि या मेलेल्याची बायको कुठे राहते? अम्मच्ची, मला हसू आलं. एकवीस वर्षांच्या पोराला बायको कुठली! मी हसत सुटले आणि तिथल्या तिथे रडायला लागले. त्याने पाणी आणून दिलं, पण सांगितलं तेच. रद्द झालेल्या लायसन्सवर गाडी चालवली तर विमा लागू नाही. सुनावणी सोळा ऑक्टोबरला आहे. तोवर कचेरीचा दुरुस्त दाखला आला नाही तर कंपनी हात काढून घेईल, आणि रोयीवर खोट्या कागदावर गाडी चालवल्याचाही ठपका येईल. मग तो किती वर्षं आत राहील हे इथे कोणी सांगत नाही.

अम्मच्ची, हे कोणी केलं? आमच्यावर कोण जळतं ते तुम्हालाच ठाऊक. ज्याने तो अर्ज लिहिला त्याचा हात झडून पडो. पोथनही हेच म्हणतात. तुम्ही कचेरीत जाऊन विचारा. तुम्हाला वाचता येतं, तुम्हाला कोणी फसवू शकणार नाही.

मी इस्पितळात रात्रपाळ्या मागून घेतल्या आहेत, दिवसा भेटायला जाता येतं म्हणून. रोयी वाळलाय. तुमचा आधार तुटू देऊ नका.

तुमची
ग्रेसी


मूलेक्काव,
१९ सप्टेंबर १९८५

चि. सौ. ग्रेसी हिस आशीर्वाद. वि. वि.

तू ज्या हाताला शिव्या दिल्यास तो माझाच. त्याच हाताने हे लिहिते आहे.

एव्हाना माझं आधीचं पत्र तुला मिळालं असेल आणि तुझ्या लक्षातही आलं असेल. तुझं पत्र वाचून मी कागद ठेवायचा बिस्किटांचा डबा काढला. अप्पच्चनचं पुस्तक त्यात आहे. त्याचा नंबर वेगळा. तेव्हा रोयीचंही पुस्तक त्याच डब्यात असायचं. दोन्हींची वेष्टणं काळी, दोन्हींवर टी. पी. इट्टूप. टी म्हणजे तेक्केपरंबिल घर, पी म्हणजे दोघांच्याही बापाचं नाव पोथन, आणि स्वतःचं नाव ते. आजोबाचंही तेच, नातवाचंही तेच.

आणि मी वाचणारी बाई चुकले कशी, ते सांगते. त्या सकाळी माझ्यात अप्पच्चनचा चेहरा बघायची हिंमत नव्हती. म्हणून पुस्तक उघडल्याबरोबर मी फोटोवर डावा अंगठा दाबून धरला आणि उजव्या हाताने नंबर उतरवला. अंगठ्याखाली रोयी होता.

कोणावर संशय घेऊ नकोस. पोथनलाही सांग.

काल कचेरीत गेले. साहेब तरुण आहे. त्याने जुनी फाइल काढली, माझा अर्ज पाहिला आणि म्हणाला, अम्मच्ची, तुमच्या घरात नावांचा दुष्काळ पडला होता का? मी म्हटलं, मोठ्या मुलाच्या मोठ्या मुलाला आजोबाचं नाव देतात, तुमच्याकडे नाही का देत? तो म्हणाला, देतात, पण आमच्याकडे निदान कोण गेलं एवढं तरी लक्षात ठेवतात. मग त्याने विचारलं की मयताचं नाव काय. मी कागद पुढे केला. तो म्हणाला, तोंडाने सांगा. मी कागदावरच बोट ठेवलं. मागून रांगेतला एकजण ओरडला, साहेब, जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, फार तर रडतील. सगळे हसले. साहेबही हसला, पण कागद काही त्याने घेतला नाही.

त्याचं म्हणणं सरळ आहे. एकदा मी लिहून दिलं की हा मेला. आता म्हणते तो नाही, दुसरा. उद्या तिसरं काही म्हणेन. म्हणून मी त्याच्यासमोर तोंडी जबानी द्यायची, चर्चमधला दफनाचा दाखला द्यायचा, आणि अप्पच्चनचं मूळ पुस्तक फोटोसकट कचेरीत कायमचं जमा करायचं. ते फाइलला लागलं की दुसऱ्या दिवशी रोयीचा दाखला मिळेल.

दफनाचा दाखला मी दिला. पुस्तक पिशवीत होतं, पण ते न देता मी परत आले.

ग्रेसी, तुला माहीत आहे, इस्टेटीत फोटोवाला आला की अप्पच्चन जीप दुरुस्त करायच्या निमित्ताने तिच्याखाली शिरायचे. भिंतीवर आहे तो शवपेटीभोवती आपण सगळे उभे राहून काढलेला फोटो, त्यात त्यांचे डोळे मिटलेले आहेत. उघड्या डोळ्यांचे ते फक्त या पुस्तकात आहेत. येताना स्टुडिओत गेले. त्याने भिंगातून पाहिलं आणि सांगितलं की शिक्का अर्ध्या तोंडावरून गेलाय, बाकीचं पुसट झालंय, प्रत काढली तर नुसता डाग उमटेल.

मी पुस्तक देणार आहे. फक्त काल हात पुढे झाला नाही. चार दिवस दे.

रागावलीस तरी लिहीत राहा.
अम्मच्ची


सोहार,
३ ऑक्टोबर १९८५

ती. अम्मच्चीस ग्रेसीचा सा. न. वि. वि.

माझ्या वॉर्डातली लीलाम्मा बहिणीच्या लग्नाला आठवडाभर येते आहे, तिच्या हाती हे देते. ती अकरा तारखेला परत निघेल. पोस्टावर आता भरवसा नाही. दाखला तिच्याच हाती द्यायचा, दुसऱ्या कोणाच्या नाही.

तुमची दोन्ही पत्रं पाठोपाठ आली. पहिलं वाचलं तेव्हाच अर्ज कोणाचा ते कळलं होतं. चूक कोणाच्याही हातून होईल. मी दिलेल्या शिव्या मागे घेते, चर्चमध्ये कबूलही केल्या. पण पुस्तक पिशवीत असताना तुम्ही परत आलात, हे मला गिळता येत नाही. चार दिवस मागता. इथे मी एकेक दिवस भिंतीवर रेघ मारून काढते आहे. अम्मच्ची, मी तुमची सून आहे, उलट बोलायची मला सवय नाही, पण लिहिते. गेलेल्या इट्टूपला जपण्यासाठी जिवंत इट्टूपला आत ठेवू नका.

हे लिहून पान फाडणार होते. मग रोयीला भेटून आले आणि तसंच ठेवलं, कारण त्याला मी सगळं सांगितलं आणि तो हसला. म्हणाला, वल्यम्मच्चीने, सख्ख्या आजीने, मला कागदावर मारलं तर मारलं, पण घरून अर्ज किती सुंदर अक्षरात गेला असेल! पुढे म्हणाला की आत सगळे त्याला इट्टूप म्हणून हाक मारतात. घरी त्या नावाने कोणी कधी बोलावलंच नाही, तुम्हाला हाक मारता यावी म्हणून तर रोयी ठेवलं. पहिल्या दिवशी हजेरीला इट्टूप इट्टूप असा पुकारा झाला आणि हा दुसऱ्या कोणाला बोलावताहेत समजून बसून राहिला. गैरहजर लागला, त्या दिवशीचा चहा बुडाला. आता सवय झाली, म्हणाला. पुकारा झाला की अप्पच्चन शेजारी येऊन बसल्यासारखं वाटतं.

तुम्हाला रागावू नको असंही त्याने बजावलंय. पण मी रागावले आहे. सोळा तारखेनंतर पुन्हा तुमचीच होईन.

म्हातारबुवांचं हाड जुळतंय. त्यांचा मुलगा सज्जन आहे, म्हणतो की विमा कंपनीने इस्पितळाचं पाहिलं तर आमची तक्रार नाही. सगळं त्या एका कागदावर अडलंय.

ग्रेसी


मूलेक्काव,
२० ऑक्टोबर १९८५

चि. सौ. ग्रेसी हिस शोशाम्माचे आशीर्वाद. वि. वि.

तू लिहिलंस ते बरोबर लिहिलंस. ते पान फाडलं असतंस तर मी कदाचित अजून दोन दिवस काढले असते.

लीलाम्माने सात तारखेला संध्याकाळी पत्र आणून दिलं. गोड मुलगी आहे, पण चहात साखर फार घेते. आठ तारखेला मी पहिल्या बसने गेले. साहेबाने मला ओळखलं, म्हणाला, आज तरी ठरलं का कोण गेलंय ते? मी पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं. या वेळी अंगठा ठेवला नाही. नीट पाहिलं. कान थोडे पुढे, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, फोटो काढतात म्हणून धास्तावलेले. तेवीस वर्षांपूर्वीचे. चाळिशीतले होते, तरी आपल्या रोयीसारखे पोरसवदा दिसत होते.

साहेबाने जबानी लिहायला घेतली आणि नाव विचारलं. मी सांगितलं. म्हटलं, हे इट्टूप, माझे नवरे, हे गेले. आणि दुसरा इट्टूप माझा नातू, तो जिवंत आहे, त्याला गाडी चांगली चालवता येते, हेही लिहून घ्या. रांगेत त्या दिवशी कोणी हसलं नाही. साहेब म्हणाला, शेवटचं लिहिता येणार नाही, अम्मच्ची, पण कळलं. दाखल्यासाठी दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं, तरी त्याने मला बाकावर बसवून दुपारी तिथेच टाइप करून दिला, आणि तो मी लीलाम्माच्याच हाती दिला. पुस्तकाला भोक पाडून दोरा ओवला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

तुझी तार परवा संध्याकाळी आली. पोस्टमन फाटकातूनच गोंधळलेला दिसला. त्याने वाचून दाखवलं, इट्टूप सुटला, ग्रेसी. आणि विचारलं की अम्मच्ची, अप्पच्चनना तर आपण पोचवून आलो, ते आता कुठून सुटले? मी त्याला बसवून कॉफी दिली आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग पुढच्या पिढीत तरी नवं नाव शोधा. मी म्हटलं, ते रोयी ठरवील.

रोयीला पोटभर खाऊ घाल. तिथल्या लायसन्सच्या परीक्षेची तारीख मिळेपर्यंत चाकाला हात लावू नको म्हणावं, आणि वळताना आधी डावीकडे बघ. तुझा राग संपला असेल तर थोडा शिल्लक ठेव. घरात एकाला तरी तो असावा.

काल सकाळी मी कोंबड्या सोडल्या, पाणी आणलं, कप्प चुलीवर ठेवली आणि ती शिजेपर्यंत कब्रस्तानात जाऊन आले. तिथे कोणी नव्हतं. मी त्यांना नावाने हाक मारली आणि पोरगा सुटल्याचं सांगितलं.

शोशाम्मा