रेडिओला थंडी वाजत नाही

विश्रामबाग, शनिवार, ५ डिसेंबर १९६४

अजून डोकं तापलेलंच आहे. विणकामाच्या वर्गात नवशिक्या बायका बाळाच्या पायमोज्यांपासून सुरुवात करतात. सोपे, झटपट होणारे. मीही गुलाबी लोकर उचलली, तर बाईंनी ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही आपलं रेडिओचं कव्हर करा हं."

काय तो गोड आवाज! मूलबाळ नसलेलीच्या हातचं बाळाच्या अंगाला नको, एवढाच त्यातला टाका.

"का हो? आमच्या रेडिओला थंडी वाजते?" मी विचारलं.

शेजारी आष्ट्याची शांता, आठवा महिना सरत आलेली. ती म्हणाली, "आवं काकी, माज्या लेकराला इना की."

"अगं, सासूला विचार आधी," बाई म्हणाल्या.

"सासू घालनार हाय व्हय मोजं?"

मी लोकर सरळ ओढून घेतली.

आत्ता एक मोजा झाला. यांनी तो बोटांवर चढवून पाहिला. "केवढा हा! रेडिओलाही बसेल."

बसू दे. उसवणार नाही. दुसराही एवढाच विणणार. शांताचं पोर वाढेल. रेडिओ थोडाच वाढणार आहे?