तुझ्या विरजणाची परीक्षा

आई, काल आमच्याकडे तुझ्या विरजणाची परीक्षा झाली. परीक्षक तुझी नात. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती, आता नऊ वर्षांची आहे. अंगात डॅडीचा पांढरा शर्ट उलटा घातलेला, कारण सायंटिस्ट म्हणे असाच कोट घालतात. लंडनजवळच्या मेडनहेडच्या या फ्लॅटचं किचन एवढंसं, की दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने कपाट उघडायचं नाही. त्यात तिची लॅब. लायब्ररीतून घरी करायच्या प्रयोगांची पुस्तकं काखोटीला मारून आणते आणि परत देण्याआधी एक पान सोडत नाही. बुडबुड्यांच्या फिझी पाण्यात मनुका नाचवून झाल्या. व्हिनेगर आणि बायकार्बचा, म्हणजे आपल्या खायच्या सोड्याचा, ज्वालामुखी थेट कार्पेटवर फुटला. लाल कोबी उकळून त्या पाण्यात कधी लिंबू पिळ, कधी साबण घाल, असं चाललं होतं. रंग बदलताना बघून आम्ही दोघी किंचाळलो, आणि नंतर कितीतरी दिवस घरभर कोबीचा वास. तू असतीस तर मुळीच वैतागली नसतीस. उलट हळदही साबणाने लाल होते म्हणत तिचा डबा काढून आणखी पसारा केला असतास.

या आठवड्यात पान आलं दह्याचं. कोमट दूध, चमचाभर 'लाइव्ह', म्हणजे जिवंत विरजणाचं दही, थोडी ऊब, झालं. ती म्हणाली, "आई, आपल्याकडे लाइव्ह दही आहे?" माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! "आहे म्हणजे काय, आजीचं आहे!" मग तिला सगळं रामायण ऐकवलं. तुझं दिवसकार्य आटोपून लीड्सहून निघाले तेव्हा तुझं चमचाभर विरजण जॅमच्या बाटलीत घेतलं होतं, आणि ती बाटली कोटाच्या खिशात घट्ट धरून ट्रेनमध्ये बसले होते. तेव्हापासून मी त्यात खंड पडू दिलेला नाही. सुट्टीवर जाताना लोक शेजाऱ्यांकडे मांजर ठेवून जातात, मी विरजण ठेवते. शेजारची इंग्लिश बाई बिचारी माझ्या सूचना ऐकूनच दमते. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं (तिच्या मराठीत दही 'तो' असतो), "पण तुला कसं माहीत तो आजीचाच आहे? वेगळा लागतो का?"

"लागतो म्हणजे! डोळे मिटून ओळखेन," मी म्हणाले. बोलून बसले खरी.

कारण पुढच्याच पानावर कंट्रोल नावाची भानगड होती. एका वाडग्यात आजीचं विरजण, दुसऱ्यात सुपरमार्केटचं साधं दही, दूध तेच, ऊब तीच. मग डोळे बांधून ओळखायचं. आमच्या परीक्षक बाई ठाम होत्या. मी हसत होते, पण आई, वरवर. तुझा आवाज मला आता नीट आठवत नाही. तुझ्या साड्यांना तुझा वास राहिलेला नाही. एक त्या बाटलीतच तू उरली आहेस असं मी धरून चालले होते, आणि ओळखता आलं नाही तर इतकी वर्षं मी सांभाळलं काय, हा प्रश्न होता. तिला कसं सांगायचं हे? मी दूध तापवायला घेतलं.

दूध कोमट होईपर्यंत मला आपलं लीड्सचं घर आठवत राहिलं. जिन्यावरचं ते एअरिंग कपबोर्ड, आत गरम पाण्याची टाकी, टॉवेलांच्या घड्या, आणि त्यात बाबांच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेलं दह्याचं पातेलं. माझा पहिला प्रयोगही तिथलाच. भिजवलेल्या मटकीचं एक फडकं खिडकीत, एक त्या कपाटात. पुस्तकात लिहिलं होतं की रोपांना वाढायला उजेड लागतो, म्हणून मी कागदावर लिहून टाकलं, खिडकीतली मटकी जास्त वाढली. तू हॉस्पिटलच्या लॅबमधून येतेस, कोटही न काढता दोन्ही फडकी उघडतेस. कपाटातल्या मटकीला हे एवढे लांब मोड, खिडकीतली नुसती फुगून बसलेली. "हे काय लिहिलंयस गं?" मी म्हणते, "पुस्तकात तसंच आहे." "पुस्तक आलं होतं का आपल्या कपाटात बघायला?" तू जोरात बोलत नाहीस, पण माझे कान गरम होतात. "दिसलं ते लिहायचं. मनातलं नाही." मग मला सगळं खोडून पुन्हा लिहायला लावलंस, आणि दोन्ही फडक्यांची मिळून उसळ केलीस. मोडांची लांबी आधी मोजून घेतलीस, मगच फोडणी.

इथे एअरिंग कपबोर्ड नाही, बिनटाकीचा कॉम्बी बॉयलर आहे, म्हणून ओव्हनचा नुसता दिवा लावून वाडगे आत ठेवले. सकाळी दोन्ही दही अगदी घट्ट, वाडगे फ्रिजमध्ये गार करून घेतले. आधी नवऱ्याला बसवलं. तो म्हणाला, "दोन्ही छान आहेत." त्याला लगेच बाद केलं, "दॅट्स नॉट डेटा, डॅडी." मग माझी पाळी. शाळेच्या स्कार्फने डोळे बांधले. पहिला चमचा आंबट, जरा चिकटच. दुसरा जिभेवर ठेवला आणि आई, मी थेट आपल्या डायनिंग टेबलाशी! थंड, गोडसर, पाय जमिनीला न टेकणारी मी, आणि समोर तू. "हेच! हेच आजीचं." तिने वाडगे फिरवले, पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. आणखी एकदा, तरी तेच. मी विजयी मुद्रेने स्कार्फ सोडला. ती हिरमुसून उभी होती. "आई, तो शॉपवाला होता. तू रडू नको हां. इट्स जस्ट अ रिझल्ट."

रडते कशाची, मी चिडले होते! दूधच पाणचट, ओव्हनच मेला बिघडलेला, चमचा नीट धुतला नसणार. सगळ्यांवर खापर फोडून झालं आणि शेवटी बाबांना व्हिडिओ कॉल लावला, ते तरी माझी बाजू घेतील म्हणून. त्यांनी सगळं ऐकलं. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कुठलं दही आणलंस? हिरव्या झाकणाचं?" मी म्हटलं, "हो, का?" आणि हा माणूस हसायला लागला तो थांबेचना. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू मला घेऊन पुण्याला जायचीस ना, तेव्हा बाबा मागे एकटे. दही साखर घालून खायचे आणि विरजणाला चमचाभर ठेवायचं साफ विसरायचे. मग आपण परत यायच्या दिवशी विमानतळावर निघण्याआधी हिरव्या झाकणाचा डबा आणून तुझ्या पातेल्यात ओतायचे. "दर वेळी?" मी ओरडले. "अगं, दर वेळी. आणि तुझी आई चाखून म्हणायची, अहो, किती छान सांभाळलंत! आता एवढ्या कौतुकावर मी काय बोलणार?" मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "हे तुझ्या आईला कळता कामा नये हां." आणि बोलल्यावर पुन्हा चष्मा काढून पुसत बसले. 

पण तुझी नात कुठली थांबायला! तिचं डोकं चालू होतं. "म्हणजे आई चुकली नाही! लहानपणी तिने तोच दही खाल्ला. तिने बरोबर ओळखला!" खरंच की गं. मी तुझ्या घराची चव बरोबर ओळखली होती. बाटलीतलं तेवढं इतक्या वर्षांत आंबत आंबत माझं झालं होतं, आणि मला पत्ताच नव्हता. मी हसले, आणि मग रडलेसुद्धा, तिने सांगूनही. ती फ्रिजवरच्या कागदापाशी पेन घेऊन उभी. "काय लिहू?" मी म्हटलं, "दिसलं ते लिही." तिने जीभ बाहेर काढून, मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं: आईने आजोबांचा दही ओळखला. मी ते तसंच ठेवलंय.

आज दोन्ही वाडग्यांतलं चमचा चमचा एकत्र करून नवं विरजण लावलंय. हे पत्र मात्र तुला पाठवायचं नाही, बाबांना शब्द दिलाय. चहाडी केली असं नको. तुझ्या शिस्तीप्रमाणे सगळं दिसलं तसं लिहिलं. मनातलं एकच लिहिते, तेवढं चालवून घे. बाबा हसत होते ना, तेव्हा मी फोन जरा बाजूला वळवून धरला होता, रिकाम्या खुर्चीकडे, तुला दिसावं म्हणून.