आईचा हारातला फोटो

बाबा, आईच्या फोटोची काच परवा फुटली. हार बदलताना खिळा निसटला आणि फ्रेम खाली आली. काच बदलून घ्यायची म्हणून मी मागचा पुठ्ठा काढला, तर आईच्या फोटोच्या पाठीशी दुमडून ठेवलेला दुसरा फोटो हातात आला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. या फोटोबद्दल बोलावं असं दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहितेय.

मुलुंडच्या आपल्या दोन खोल्यांत आईच्या शेवटच्या वर्षी दर रविवारी आईचा फोटो निघायचा. डॉक्टरांनी तिचं पोट उघडून गाठ पाहिली आणि पोट तसंच परत शिवून टाकलं, त्यानंतर तुम्ही स्टुडिओतला वरून बघायचा कॅमेरा घरी आणू लागलात. सोमवारी मोरीत अंधार करून निगेटिव्ह धुवायचात आणि मग तिच्यावर बारीक पेन्सिलने तिच्या गालांतले खड्डे भरत बसायचात, स्टुडिओत नवरीमुलींच्या पुटकुळ्या घालवायचात तसे. कागदावर आई दर आठवड्याला बरी होत होती.

तिच्या हे लक्षात आलं त्या दिवशी तिने पेजेची वाटी तुमच्या तोंडावर फेकली. कपाळ फुटलं. "ही कोण बाई आणलीत?" हातातला फोटो नाचवत ती म्हणाली. "हिच्याशीच करा संसार." तुम्ही रक्त पुसलंत आणि दंडाला धरून तिला उशीला टेकवून बसवलंत, इतक्या जोरात की चार बोटं निळी उमटली. "नीट बस. उजेड जातोय." त्या वर्षी आपल्याकडे बांगड्या फुटल्या, आरसा फुटला, तुमची चहाची बशी रोज फुटायची. शेजारच्या काकू आधी धावत यायच्या, नंतर दार लोटून घ्यायला लागल्या.

मग तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा रविवार. "आज तू काढ गं," तुम्ही मला म्हणालात. "आम्हा दोघांचा." मी सतरा वर्षांची. कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून काचेत बघतेय. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. आई मान वर करत नाही. तुम्ही तिची हनुवटी धरून चेहरा उचलता आणि ती तुमच्या अंगठ्याला कडकडून चावते. "मेल्यावर काढ ना," अंगठा सोडून ती म्हणते. जन्मात पहिल्यांदा तुम्हाला अरे-तुरे करते. "तेव्हा हलणार नाही मी." तुमचा हात काचेत उलट्या बाजूने वर येतो.

आई भिंतीवर आदळली. तुम्ही तोच हात पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटत राहिलात, बोटांची सालं निघेपर्यंत. ओठातलं रक्त पदराला पुसत ती तुमच्याकडे बघत होती. "पुरे आता," शेवटी म्हणाली. "पोरीला जेवायला वाढा."

"फोटो निघाला का?" जेवताना तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "आवाजाने दचकले, दाबलं गेलं."

त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली. तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. इतक्या रविवारांमधून तुम्ही तोच निवडलात, गालाजवळ कापून. पेन्सिल लावली नाहीत. "वहिनी आत्ता बोलतील असं वाटतं," काका म्हणाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, डोळ्यांत काय तेज आहे. आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पुठ्ठ्यामागे निघाला तो अख्खा फोटो. आईचा चेहरा लख्ख, डोळे तुमच्यावर रोखलेले, आणि कडेला तुमचा हात, हलल्यामुळे धूसर, तिच्या गालापासून वीतभर लांब. आवाज व्हायच्या आधीचा. हे तुम्हाला मोरीतच कळलं असणार, आणि तुम्ही मला कधी विचारलं नाहीत.

नवी काच उद्या मिळेल. तो अख्खा फोटो त्याच घडीवर दुमडून मागे ठेवीन, हा कागदही त्यातच. मी दोन पावलांवर होते, बाबा. कॅमेरा टाकून हात धरता आला असता. मी श्वास रोखून धरला, तुम्ही शिकवलं होतंत तसा, आणि बटण दाबलं.