दुखवट्यात बंद केलेला डबा

मेसोराही, गुरुवार

तीर्थस्वरूप पोलिक्सेनीवन्संना धाकटी भावजय स्तामातो हिचा वाकून नमस्कार (वाकता येत नाही, पण कागदावर चालतं). इकडे आम्ही जेवढे उरलोय तेवढे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? लाम्ब्रोस म्हणाला, त्यात आता लोखंड घातलंय. बरं झालं. सासूबाईंचे गुडघेही असेच होते, फक्त त्यांचं लोखंड जिभेत होतं. तिकडे मेलबर्नला वसंत लागला असेल. आमच्याकडे अक्रोड झोडून झाले आणि सकाळी पाण्याला हात लावायला नको वाटतं. तुमचं सगळंच उलटं, म्हणून तुम्ही फोन करता तेव्हा मी अर्धवट झोपेत असते आणि तुम्ही पूर्ण आवाजात असता.

परवा तुम्ही विचारलंत, "माझ्या भावासाठी गाव रडलं का गं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात फोन तुटला. (मी ठेवला नाही. तुटला.) एका दमात सांगण्यासारखं ते नाहीच, म्हणून लिहायला बसले आहे. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे. तिसरीच्या पुढे मला शेळ्यांनी जाऊ दिलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. आणि मधली पानं गाळून शेवट वाचू नका, कारण तुमच्या प्रश्नाला मी काय उत्तर देते त्यावर माझं पुढचं सगळं लटकलंय. तुमचा भाचा, माझा लाम्ब्रोस, लारिसा शहरातून येऊन बसलाय. दारात रिकाम्या बॅगा उघडून ठेवल्यात, गाढवांनी तोंडं वासावीत तशा. पंधरवड्यानंतरच्या शनिवारी मला घेऊन जायचं, घराला कुलूप घालायचं, विजेचा मीटर बंद करायचा, असं त्याने सुनेला विचारून ठरवलंय. तिथे मला स्वतःची खोली मिळणार आहे. खोलीला खिडकी आहे आणि खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात.

आता टीव्हीचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच घडलं. तुम्ही गेलात तेव्हा गावात टीव्ही नव्हता, म्हणून हे तुम्हाला ठाऊक नाही. आमचं गाव बशीच्या तळाशी बसल्यासारखं. मोठ्या डोंगरावरच्या मनोऱ्यातून निघालेलं चित्र आमच्या डोक्यावरून जातं आणि थेट खालच्या कातोहोरीला पोचतं, तिथल्या आळशांना आयतं मिळतं. पूर्वी निदान मुंग्या तरी दिसायच्या. मुंग्यांतून एखादा मंत्री बोलायचा, ते आम्हाला पुरे होतं. मग हे नवं डिजिटल आलं. त्याला अर्धवट काही जमत नाही. दिसलं तर नाकावरचा तीळ दिसतो, नाहीतर काळी काच. आमची काळी काच झाली. तेव्हा तुमच्या भावाने घरोघर फिरून लोकांना तयार केलं, शहरातून एक इंजिनियर आणला, आणि आपल्या खळ्यावर, घराच्या वर, एक खांब उभा केला. खांबाचा एक कान मोठ्या डोंगराकडे, दुसरा गावाकडे. इकडून ऐकायचं आणि तिकडे सांगायचं. (तुमच्या थोरल्या आत्याबाई हेच काम खांबाशिवाय करायच्या.)

त्या दिवसापासून ह्यांना गावाने माणूस म्हणून ओळख द्यायची बंद केली. वीज कडाडली, वारा सुटला, बर्फ पडला, की दारावर थाप. नमस्कार नाही, बसतो नाही, थेट, "झीसी, चित्र गेलं!" हे जेवणावरून उठायचे आणि कोठीत जाऊन दार लावून घ्यायचे. आतून पुटपुटणं ऐकू यायचं, 'हे आमच्या स्वर्गातल्या पित्या' वगैरे. मला वाटायचं, म्हातारपणी देवाची आठवण यायला लागली, पण फक्त पावसाळी हवेत. एकदा फोटिसने (गावचा सरपंच तोच आणि कॉफीचं दुकानही त्याचंच, म्हणून गावाची सभा आणि उधारी एकाच टेबलावर) भर दुकानात म्हटलं होतं, "झीसिस मेला तर आमचा टीव्ही कोण बघेल?" लोक हसले होते. हे पण हसले होते. मी नव्हते हसले.

तर हे गेले. कसे, ते लाम्ब्रोसने तुम्हाला सांगितलंच आहे. अंगणात शेंगा सोलत होते आणि शेंगा सोलायच्या राहिल्या. माती देऊन परत आल्यावर मी घरचा रिवाज पाळला. आरसा झाकला, टीव्हीवर काळं कापड टाकलं, रेडिओची वायर काढली. मग कोठीत पीठ आणायला गेले तर चीजच्या पिंपावर फळीला ठोकलेला तो डबा, हिरवा दिवा लुकलुकवत, माझ्याकडे बघून डोळा मारत होता. दुखवट्याच्या घरात! मला वाटलं, आमच्या टीव्हीचंच काहीतरी लटांबर असणार. (ह्यांनी कोठीत इतके मेलेले डबे साठवले होते की उंदरांनाही वाट विचारावी लागे.) खांब बाहेर खळ्यावर, डबा आत पिंपावर, त्या दोघांचं आपसात लग्न लागलंय, हे मला कुणी सांगितलं होतं? मी बटण खाली केलं. दिवा विझला. मी पीठ घेऊन बाहेर आले.

वन्सं, त्या संध्याकाळपासून गाव गप्प झालं. तुम्हाला कळायचं नाही ते केवढं गप्प. आमच्याकडे सगळ्यांचे कान गेलेले. खिडक्या उघड्या असल्या की मालिकेच्या वेळी अख्खी बशी ओरडते. मी पायरीवर बसून टीव्ही न लावता रोज सगळी मालिका ऐकत असे. आणि आता एक घर बोलेना. चुलीवर पाणी उकळलेलं ऐकू यावं अशी शांतता. मी पायरीवर बसले आणि म्हटलं, झीसी, बघ रे, चित्र गेलं म्हणून ओरडणाऱ्या ह्या लोकांनी तुझ्यासाठी चित्रच बंद केलं. मी तशी कुणाला हात न जोडणारी बाई, पण दुसऱ्या दिवशी चर्चला जाताना प्रत्येक दारासमोर मी मान लववली. ते सगळे गोंधळून बघत होते. मला वाटलं, लाजतायत.

मग बायका यायला लागल्या, रोज संध्याकाळी. शेजारची गारिफालिया विणकाम घेऊन पहिली, मागून बाकीच्या. पूर्वी मालिकेच्या वेळी घर जळलं तरी ह्या उठल्या नसत्या. आता माझ्या ओट्यावर बसून अक्रोड फोडत होत्या. म्हटलं, एवढी माया कुठे ठेवली होती ह्यांनी? गारिफालिया सारखी सुस्कारे टाकायची, "काय झालं असेल गं त्या बिचारीचं! एकटी पडली." मी म्हणायची, "होईल ते होईल. जेवतेय, खातेय." ती माझ्याकडे वेडीकडे बघावं तशी बघायची. (ती मालिकेतल्या बाईबद्दल बोलत होती. ती बाई म्हणे लग्नाच्या वेदीपुढे उभी होती आणि नवरदेव आला नव्हता. माझ्या बटणामुळे ती तशीच उभी राहिली.) एका रविवारी सगळे पुरुष दाढी करून, स्वच्छ सदरे घालून, फोटिसच्या टेम्पोत बसून खाली गेले. दुखवट्यात दाढी केली म्हणून मी आधी चिडले, मग वाटलं, ह्यांच्या नावाने मठात मेणबत्त्या लावायला निघाले असतील. मी त्यांना वाटेत खायला भाजी भरून भाजलेली पोळी बांधून दिली. कातोहोरीच्या दुकानात फुटबॉलचा सामना बघत त्यांनी ती खाल्ली. आपण हरलो, असं नंतर कळलं. मला आनंद झाला.

फक्त झोप येत नव्हती. घर फारच मुकं झालं होतं. बायका म्हणाल्या, जोडीदार गेला की असंच होतं, सवय होते. मी भिंतीकडे तोंड करून पडायची आणि सवयीची वाट बघायची.

गेल्या रविवारी ह्यांचा चाळिसावा दिवस झाला. उकडलेल्या गव्हात साखर, डाळिंब, बदाम, सगळं हात सैल सोडून घातलं. ज्या गावाने एवढं केलं त्याला काटकसर कशी दाखवणार? प्रसाद घेऊन लोक घरी गेले आणि फोटिस मागे राहिला. टोपी हातात फिरवत, पैसे मागायला आलेला फिरवतो तशी. गारिफालिया त्याच्यामागे दाराला टेकून.

"वहिनी," तो म्हणाला, "देव तुम्हाला धीर देवो. आता चाळीस झाले. रिवाज पुरा झाला. तर म्हटलं, तुमची हरकत नसेल तर... ते बटण."

"कसलं बटण?"

"झीसिसचं. डब्याचं. तुम्ही बंद केलंत ते. आम्ही काही म्हटलं नाही हो! पण आता लोक विचारतायत."

मला समजायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझ्या हातातला गव्हाचा वाडगा थंड झाला. म्हणजे कुणी काही पाळलं नव्हतं. कुणी माया केली नव्हती. काच काळी होती, एवढंच. मी म्हातारी एक बटण खाली करून रोज पायरीवर बसून गर्वाने फुगत होते. मी लाम्ब्रोसला हाक मारली आणि म्हटलं, बॅगा आण, शनिवारची वाट कशाला बघायची?

तेव्हा गारिफालिया दारातून पुढे आली. तिला मी इतकी वर्षं पावाच्या पिठासारखी मऊ समजत होते. ती फोटिसवर गरजली, "सांग ना नीट, शेळीसारखा काय मेंमें करतोस!" आणि तिनेच सांगितलं. पहिल्याच संध्याकाळी चित्र गेलं तेव्हा सगळे दुकानात जमले. माझ्या दारावर थाप मारायला तिघं निघाले होते. ही वाटेत उभी राहिली. म्हणाली, स्तामातोने झीसिसच्या शोकात बंद केलंय, तर बंद राहील. माझा नवरा थानास गेला तेव्हा तुम्ही तिसऱ्या दिवशी गाणी लावलीत, मी गिळलं. ह्या माणसाला तुम्ही जेवणावरून किती वेळा उठवलंत ते आठवा आणि घरी जाऊन बसा. "आणि बसलो," फोटिस म्हणाला. "वहिनी, तसा आम्हाला खालून दुसरा माणूस आणता आला असता. नाही आणला."

"अरे गाढवांनो," मी म्हटलं, "मला विचारायचं तरी होतं! मला कुठे ठाऊक होतं ते बटण कसलं आहे!"

मग आधी गारिफालिया हसली, मग फोटिस. मी पण हसले असेन. ह्यांच्यानंतर पहिल्यांदा.

मग कोठीत गेलो. फोटिसने शिकवलं: नुसतं बटण वर करायचं नाही, आधी वायर काढायची, थांबायचं, मग लावायची. किती थांबायचं? "झीसिस सांगायचा, एक 'आमच्या पित्या' म्हणून होईपर्यंत." म्हणजे ती भक्ती नव्हती, घड्याळ होतं. मी वायर काढली, प्रार्थना म्हटली, सावकाश, सगळी, आणि लावली. हिरवा दिवा लागला. थोड्या वेळाने अख्ख्या बशीतून, सगळ्या उघड्या खिडक्यांतून, एकदम, कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात ओरडायला लागली. फोटिसने टोपी छातीशी धरून क्रॉसची खूण केली आणि सामन्याचं विचारायला पळाला. मी कोठीचं दार आतून लावून घेतलं. लगेच ते ऐकायचं नव्हतं मला.

तर वन्सं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गारिफालिया रडली, पण ती कोंबडी मेली तरी रडते, तिला धरू नका. गाव रडलं नाही. गाव ज्या दारावर थापा मारायचं ते दार सोडून काळ्या काचेसमोर बसून राहिलं, आणि ज्यांना बोलल्याशिवाय राहवत नाही ते बोलले नाहीत. तुमच्या भावाला ह्याहून जास्त काही मिळालं असतं असं मला वाटत नाही, आणि तुम्हाला मिळेल असंही वाटत नाही.

गुडघ्याला जपा. औषधं वेळेवर घ्या. नातवंडांना माझे पापे.

तुमची भावजय,
स्तामातो

ता. क. लाम्ब्रोस माझं ऐकत नाही, पण तुम्हाला लहानपणापासून टरकतो. पत्र मिळताच, त्या शनिवारच्या आत, त्याला फोन करा आणि तुमच्या खास आवाजात सांगा, की मीटर बंद केला तर डबा बंद, डबा बंद तर अख्खं गाव आंधळं, आणि त्याचं पाप तुझ्या डोक्यावर. वीज कडाडली की वायर काढायला आणि प्रार्थना म्हणायला घरात कुणीतरी लागतंच. बॅगांमध्ये मी अक्रोड भरून ठेवलेत, ते घेऊन जा म्हणावं.

ता. क. फोटिस म्हणाला की डब्याची वायर चर्चच्या मीटरवरून घेता येईल, त्याला एक दुपार पुरे. हे लाम्ब्रोसला सांगू नका. फोटिसला मी गप्प केलंय.

ता. क. मालिकेतल्या त्या बाईचं लग्न झालं, मुलगाही झाला म्हणे. कोणाशी, ते कळलं नाही.

ता. क. आणखी एक, आणि मग पाकीट बंद करते. कोठीची आणि आमच्या खाटेची भिंत एकच. डबा चालू झाला तसा त्यातला पंखा घरघरायला लागला. आडवी पडले आणि ऐकत राहिले. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की हे घोरतात. त्यातलं निम्मं घोरणं त्या डब्याचं निघालं. तेवढं परत आलंय. झोप लागते आता, पण भिंतीच्या बाजूला तोंड केलं तरच.