टोपीतला उजेड

८ जानेवारी, गुरुवार
प्रोजेक्टचे पहिले तिघे आज आले. आधी कान तपासले, मग डोक्यावर टोपी. तिघेही सुरतेतल्या भेस्तानच्या एकाच खात्यातले, म्हणजे कापडाच्या कारखान्यातले, लूम चालवणारे. दोघांचं मोजणं वाया गेलं. टोपीतले दिवे कातडीला टेकतच नाहीत, मधे केस. काळे, दाट, वर खोबरेल. इन्फ्रारेडचा अर्धा उजेड केसच पिऊन टाकतात. स्क्रीनवर नुसती खरखर.
प्रोजेक्टच्या मॅडम वैतागून हिंदीत म्हणाल्या, "टक्कल असलेलेच घेऊया."
मी म्हटलं, मग बायका कुठून आणायच्या? यावर हसल्या. मॅडम चिडल्या तरी फार वेळ चिडून राहात नाहीत.
तिसरे भटूकाका. शिंदखेड्याकडचे. टोपी हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. "डोकामा भोक पाडशी का काय?"
मोबाइलची बॅटरी लावली आणि त्यांच्या तळहाताखाली धरली. बोटं लाल दिसली. म्हटलं, काका, उजेड हातातून असा आरपार येतो ना, तसाच हा डोळ्यांना न दिसणारा उजेड कवटीतून थोडा आत जातो आणि थोडा परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे रक्त जास्त येतं, मग परत येणारा उजेड बदलतो. आम्ही तो बदल मोजतो. बस.
त्यांनी दुसराही हात उजेडावर धरून बघितला. मग म्हणाले, नाव लिहिशी?
नाही. निकालावर फक्त नंबर.
"कान गया आसं कागदवर उनं, तर सेठ ठेवाव नही."
त्यांचा हात धरून सांगितलं, कुणाला कळणार नाही. तिघांनाही असंच सांगितलं.

११ जानेवारी
रविवार. घरी. टीव्हीचा आवाज एवढा मोठा की खालच्या मजल्यावरच्या भाभींनी मुलीला वर पाठवलं. आबा म्हणे, आवाज नीटच आहे, त्यांचेच कान नाजूक.
वडिलांनी, म्हणजे आबांनी, जन्मभर लूम चालवले. आता कडोदऱ्याला एका गोदामाच्या गेटवर बसतात. फोन आला की मायच्या हातात देतात. मी ओट्याकडे तोंड करून काही बोलले तर उत्तर नाही. वळून बोलले की लगेच उत्तर. नजर माझ्या तोंडावर असते, डोळ्यांवर नाही. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला प्रोजेक्टवर लागावं लागलं.
विचारलं, आबा, एकदा तपासून घ्यायचं का?
"माले समदं ऐकू येस." विषय संपला.

१२ जानेवारी
केसांवर उपाय सापडला. कान साफ करायची कापसाची काडी असते ना, तिने एकेका दिव्याखालचे केस बाजूला करायचे. एका माणसाला चाळीस मिनिटं. पाठ मोडते. पण सिग्नल येतो. आणि यायच्या दिवशी तेल लावू नका, हे फोनवर आधीच सांगायचं.

१३ जानेवारी
आता दुसरी अडचण. आवाज बंद केलेल्या व्हिडिओत कॉलेजची एक मुलगी हिंदीत शब्द म्हणते, कारागिरांनी ओठांवरून ओळखायचे. कुणालाच येईनात. चार माणसं, तेच.
मॅडमना वाटतंय आपला अंदाजच चुकला. लूमच्या आवाजात उभं आयुष्य घालवलेली माणसं ओठ वाचतात, आणि त्या वेळी मेंदूचा ऐकण्याचा भाग जागा होतो, असं आम्ही धरून चाललो होतो.
भटूकाकांना विचारलं. ते म्हणाले, "ती पोर तोंडच उघडत नही. आम्ही आसं बोलतस का?" मग करून दाखवलं. जबडा खाली, ओठ ताणलेले, भुवया वर. आवाज शून्य. "चाल, चहा लेवाले" म्हणाले. मला कळलं!
अहिराणीत हवं. आणि तोंड घरातलं हवं.

१४ जानेवारी
उत्तरायण. सगळी सुरत गच्चीवर. आम्ही खाली स्वयंपाकघरात, मायचा व्हिडिओ काढत. मागे पांढरी चादर. आवाज नकोच होता, तरी माय ओरडून बोलत होती, कारण मोबाइलसमोर तसंच बोलायचं असतं. भाकर. पाणी दे. कव्हय उनी, म्हणजे कधी आलीस. बठ ना. शब्द चाळीस, सगळे तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतले.
नंतर नुसतं चावायचं. तोंड हलतं पण शब्द नाही, तुलनेला असंही लागतं. माय म्हणाली, "संगे, माले रिकामंच चावाले लावशी?" शेवटी गुळपोळी दिली हातात.
यादीतून काही शब्द काढावे लागले. पाय, बाय, माय ओठांवर एकसारखेच दिसतात. मायला सांगितलं तर तिला वाईट वाटलं. माय आणि पाय सारखेच?
आबा दारात उभे राहून बघत होते. मोबाइलवर आवाज बंद करून दाखवलं. पहिले सहाच्या सहा शब्द पटापट सांगितले. मग आपण पकडले गेलो हे लक्षात आलं आणि पतंग बघायला म्हणून वर गेले.

२१ जानेवारी
भटूकाका पुन्हा आले. खिडकीला काळा कपडा, ट्यूब बंद, टोपीवरून काळी ओढणी. स्क्रीनवर माय.
शब्द गेला. एक, दोन, तीन सेकंद, काही नाही. रक्त यायला पाच-सहा सेकंद लागतात, दर वेळी वाटतं आज येणारच नाही. मग रेघ चढली. कानाच्या वरच्या भागात, म्हणजे आपण ऐकतो तिथे. पुढच्या शब्दाला परत. चावण्याच्या व्हिडिओला जवळपास सपाट.
मॅडम उभ्याच राहिल्या. "संगीता, खोलीत आवाज आहे?" नाही मॅडम. "तरी हे ऐकताहेत."
मग लगेच बसल्या. एका माणसावरून काही म्हणायचं नाही, म्हणाल्या. बरोबर आहे. पण आज घरी जाताना बसमध्ये बसायला जागा असून मी उभीच.

२७ जानेवारी
मायला ताप, म्हणून आबांचा डबा मी नेला. गोदामाच्या फाटकात एक टेम्पो मागे घेत होता. हॉर्न वाजवत. आबा त्याच्याकडे पाठ करून वहीत गाडीचा नंबर लिहीत होते. मी हाक मारली. काय उपयोग. एका हमालाने दंड धरून त्यांना ओढलं.
ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "काका, बहेरा छो?" आबांनी त्याच्या ओठांकडे बघितलं, हसले, खांद्यावर थाप मारली.
माझ्याजवळ आले. "त्यानी ब्रेक मारेल व्हता."
डबा घेतला.  मी परत निघाले. काय बोलायला हवं होतं? नोकरी सोडा? की गोदामाच्या सेठला मीच जाऊन…

३ फेब्रुवारी
भेस्तानच्या खात्याच्या सेठनी आम्हाला बोलावलं. आजवर खात्यामागची खोली त्यांनीच वापरू दिली. चहा आला. मग म्हणाले, कोणाकोणाचे कान कमजोर आहेत त्याची यादी द्या. सेफ्टीसाठी. उद्या कुणी लूमच्या पट्ट्यात सापडला तर मला जबाबदार धरतील.
माणूस वाईट वाटला नाही. कदाचित खरंच सेफ्टी मनात असेल. मला टेम्पो आठवला आणि क्षणभर वाटलं, द्यावी. मग भटूकाकांचा धरलेला हात.
मॅडम म्हणाल्या, उद्या सांगते.  मला धास्ती, देतात की काय.

४ फेब्रुवारी
मॅडमनी नाही म्हणून सांगितलं. गुजरातीत, अगदी नम्रपणे. म्हणाल्या, नाव आणि नंबर जोडणारा कागद माझ्या कपाटात आहे, ज्याचा निकाल त्यालाच मिळेल, तुमच्या सगळ्याच कारागिरांना कानाला लावायचे बूच द्या, ते नीट बसतात का हे मी फुकट तपासून देते.
सेठही नम्रच. सोमवारपासून खोलीत माल ठेवायचा आहे म्हणाले.
नऊ जणांचं मोजणं राहिलंय. मॅडमचा अहवाल महिन्याच्या शेवटी. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मी एक दिवस का मागितला माहीत आहे? द्यावी असं वाटलं होतं." मी म्हटलं, मलाही.
संध्याकाळी भटूकाकांना फोन केला. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, सुनेने ऐकून सांगितलं. उलट निरोप आला: रविवारी समाजाच्या वाडीत, म्हणजे कार्यालयात या, हॉल रिकामा आहे.

८ फेब्रुवारी, रविवार
वाडी. लग्नाच्या हॉलच्या खिडक्या झाकायला भटूकाकांनी काळ्या अस्तराचे दोन तागे आणले होते, कुणाकडून ते विचारलं नाही. नऊ यायचे होते, बारा आले. काहींनी डोकी धुतली होती, एकाच्या केसांत अजून शाम्पू.
अकराच्या सुमाराला आबा. म्हणे, भटूला भेटायला आलो. दोघे पूर्वी एकाच खात्यात होते, हे मला आज कळलं.
मग जे बघितलं ते लिहून ठेवते. हॉलच्या या टोकाला आबा, त्या टोकाला रांग लावणारे भटूकाका. दोघे बोलत होते. तोंडं उघडत होती, भुवया वर जात होत्या, बोटं हलत होती, आवाज नाही. आबा खदखदून हसले. मधे बसलेल्या कुणालाही पत्ता नाही काय चाललंय. घरी एवढं बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आम्ही इतकी वर्षं त्यांच्याकडे पाठ करून बोलत आलो.
थोड्या वेळाने बघते तर आबा चपला काढून रांगेत.
मी काडी घेऊन पुढे झाले तर मॅडमनी अडवलं. "तुझे वडील. तू हात लावायचा नाही, निकालही बघायचा नाही. मी करते." नियम बरोबर आहे. बाहेर पायरीवर जाऊन बसले. भटूकाका शेजारी. मी विचारलं, काय बोलत होतात? त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, समजलं, आणि तरी म्हणाले, काही नही.
पाऊण तासाने आबा बाहेर आले. कपाळावर टोपीच्या गोल खुणा. "तुन्ही माय माले भाकर खाई ले सांगत व्हती," म्हणाले, "आनि उपाशी उठाडं."

१० फेब्रुवारी
आबांना निकालाचं पाकीट मिळालं. मॅडमनी समोर बसवून सगळं समजावून दिलं, मी खोलीबाहेर. पाकीट शर्टाच्या खिशात. घरी कुणालाच दाखवलं नाही. मायने दोनदा विचारलं. ते म्हणाले, वयाप्रमाणे आहे.

११ फेब्रुवारी
रविवारच्या तेरा फायली माझ्याकडे आल्या, नुसते नंबर. वेळ बघितली तर आबांची कुठली ते कळतं. उघडली. रेघ वर चढायला लागलेली दिसली. बंद केली. मॅडमना जाऊन सांगितलं. रागावल्या नाहीत. ती फाईल स्वतःकडे घेतली, म्हणाल्या, मीही बघितली असती.
बाकी बारापैकी आठ छान. तीन धूसर. एकात काहीच नाही, आणि त्याने ओठांवरून शब्द मात्र सगळे ओळखले होते. याचं काय करायचं? मॅडम म्हणतात, तसंच लिहायचं.

१३ फेब्रुवारी
भटूकाकांनी कानाचं यंत्र घ्यायचं ठरवलंय. सरकारी दवाखान्यात नाव घातलं. खात्यात मात्र खिशात ठेवणार. मी म्हटलं, काका, मग उपयोग काय? "घर नातू शे ना."

१५ फेब्रुवारी
रविवार. दुपारी आबा खाटेवर, मी खाली लसूण सोलत. माय ओट्याशी, आमच्याकडे पाठ. खूप वेळाने वर बघितलं तर आबा माझ्याकडेच बघत होते. पाकीट बाहेर काढून मांडीवर.
ते बोलले. आवाज न करता. भटूकाकांशी बोलले तसे, मोठं तोंड करून, सावकाश.
सेठले. एवढं कळलं. सांगू. तेही कळलं. शेवटचा शब्द निसटला. सांगू का? की सांगू नको?
मी मान हलवली, परत सांगा. तेवढ्यात माय चहा घेऊन वळली, त्यांनी पाकीट खिशात ठेवलं आणि चहा घेतला. मग ताईच्या नवऱ्याचा फोन कधी येतो वगैरे बोलणं.
संध्याकाळी ते पान खायला खाली उतरले तेव्हा मी मागोमाग गेले. टपरीवर माणसं होती. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, तोंड नीट दिसेल अशी, आणि तसंच, आवाज न करता विचारलं: आबा, काय म्हणालात?
त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मग म्हणाले, या वेळी मोठ्याने, "तू बी शिकी गयी."
पान तोंडात घालून घराकडे वळले. उद्या त्यांची आठची ड्यूटी आहे. मी रजा टाकली आहे, त्यांना म्हटलं, कडोदऱ्यापर्यंत बरोबर येते, सेठला सांगायचं झालं तर शेजारी असेन. नको म्हणाले नाहीत.